बाळ येण्याआधी माप घ्या

साक्रीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, पण उत्तर पानातच द्या, म्हणजे माझ्यासारख्या इतरही वाचतील, असे तिने लिहिले आहे. पहिलेच बाळंतपण, आठवा महिना संपत आलेला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला सांगितले की, बाळाला अंगावर पाजायला सोपी अशी पुढून उघडणारी, मापाची ब्रेसियर आधीच घेऊन ठेव. ती कटलरीच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिच्याकडे एकदा पाहिले आणि ‘छत्तीस घेऊन जा, बाळंतपणानंतर तेच लागतं’ म्हणून कागदात गुंडाळून दिले. घरी घालून पाहिली तर पाठीत ढिली आणि पुढे दाटलेली. परत करायला जायची लाज वाटली. सासूबाई म्हणाल्या, ‘आमना टाईमले हाई काहीच नव्हतं, तरी पोरं वाढनातच ना!’ आता तिचे दोन प्रश्न आहेत. याची खरेच गरज आहे का, आणि असेल तर खरे माप कसे काढायचे?

सासूबाईंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्यांच्या काळी बॉडी नव्हती, पण चोळी होती. खणाची चोळी, दोन टोके पुढे आणून छातीखाली गाठ मारायची. आता विचार करा, त्या गाठीचे काम काय होते? दूध भरून छाती जड झाली की गाठ सैल बांधायची, दूध कमी झाले की आवळायची. बाळ रडले की गाठ सोडायची, पाजून झाले की पुन्हा मारायची. म्हणजे बाईचे अंग रोज बदलत होते आणि चोळीही त्याबरोबर बदलत होती. माप कुणाला विचारायची वेळच येत नव्हती. आज आपण दुकानातून जी वस्तू आणतो ती शिवून, आकडा मारून तयार आलेली असते. ती आपल्या अंगाप्रमाणे बदलत नाही. म्हणून आपल्या अंगाचा आकडा आपल्याला माहीत पाहिजे. सासूबाईंच्या वेळेला जे काम गाठ करत होती, ते आता टेपने करायचे आहे, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट. ब्रेसियरने दूध वाढत नाही. छाती लहान की मोठी यावरही दूध ठरत नाही. ज्या बाईला कधीच सवय नाही, तिने बाळंतपणात ती घातलीच पाहिजे असे काही नाही. पुढून हुकाचे सैल, सुती ब्लाऊज तिला पुरते. पण दूध भरल्यावर छाती जड होते, ओढल्यासारखी दुखते, दूध गळून कपडे भिजतात. वाकून कांदे लावायचे, डोक्यावर हंडा घ्यायचा, उभ्याने भाकरी थापायच्या, तर आधार लागतो. अशा बाईला मापाची ब्रेसियर हा शौक नव्हे. मात्र चुकीच्या मापाची घालण्यापेक्षा काहीच न घातलेले बरे, हे मी स्पष्ट सांगते.

कारण असे की, घट्ट कपडा छातीवर एकाच जागी दाबत राहिला की तेवढ्या जागेतल्या दुधाच्या नळ्या आकसतात. दूध पुढे सरकत नाही, तिथे गाठ येते, दुखते. वेळीच लक्ष दिले नाही तर छाती लाल होते, थंडी वाजून ताप भरतो. दुखते म्हणून बाई पाजायचे टाळते, आणि पाजणे टळले की दूध कमी होते. मग घरातले म्हणतात, हिला दूधच नाही, बाटली आणा. पावडरचा एक डबा कितीला येतो ते विचारून पाहा, आणि मजुरीचे किती दिवस त्यात जातात ते मोजा. एका हुकाच्या आवळण्यातून हे एवढे होऊ शकते.

आता मापाकडे येऊ.

केव्हा घ्यायचे? आठवा महिना पुरा होऊन नववा लागतो तेव्हा, म्हणजे साधारण छत्तिसाव्या आठवड्याला. त्याआधी घेतली तर छाती आणखी वाढते, पैसे वाया जातात. पोटातले बाळ वर सरकते तशा बरगड्याही थोड्या फाकतात, म्हणून लग्नाच्या वेळचा आकडा इथे उपयोगाचा नाही. आणि बाळंतपणानंतर घेऊ म्हणाल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध जोराने उतरते तेव्हा तुम्ही अंथरुणावर असता. सव्वा महिना घराबाहेर पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. मग नवरा किंवा दीर अंदाजाने आणतो, आणि अंदाजाचे काय होते ते वर आलेच.

शिंप्याची टेप घ्या. नसेल तर नाडी घेऊन पोराच्या शाळेच्या पट्टीवर मोजा. अंगात पातळ कपडा असावा, सरळ उभे राहावे, टेप पाठीत खाली उतरू देऊ नये. जाऊबाई किंवा बहीण मदतीला असेल तर बरे. पहिले माप छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवरून गोल, श्वास सोडून, टेप अंगाला बसती ठेवून. दुसरे माप छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून, टेप सैल, मुळीच न दाबता. दोन्ही आकडे इंचात कागदावर लिहा.

समजा खालचे माप २९ आले आणि वरचे ३७. आपल्याकडच्या दुकानांत चालणारा हिशेब असा: खालचे माप विषम आले तर त्यात ५ मिळवायचे, सम आले तर ४. २९ आणि ५ मिळून ३४. हा झाला पट्ट्याचा आकडा. आता वरच्या मापातून तो वजा करा. ३७ मधून ३४ गेले, उरले ३. हा फरक म्हणजे कप, आपल्या शिंपिणीच्या भाषेत कटोरी. १ इंच फरक असेल तर ए, २ असेल तर बी, ३ असेल तर सी, ४ असेल तर डी. म्हणजे या बाईचे आजचे माप ३४ सी. फरक त्याहून जास्त निघाला तर पुढची मापे लहान गावात सहसा मिळत नाहीत, मोठ्या दुकानातच विचारावे.

पण आपल्याला आजच्यासाठी घ्यायची नाही, दूध उतरेल तेव्हासाठी घ्यायची आहे. तेव्हा कटोरी एक पायरी मोठी घ्या. ३४ सी ऐवजी ३४ डी. घालून पाहिल्यावर कटोरीत वरच्या बाजूला थोडी जागा राहिली पाहिजे. आज गच्च बसली तर त्या आठवड्यात ती नक्की दाबणार.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीची अडचण लक्षात येईल. तिला मिळाली ती नुसती ‘३६’. लहान दुकानांत डब्यावर एक आकडा असतो आणि कपाचे अक्षर कुणी पाहत नाही. अशी न सांगता मिळणारी ब्रेसियर बहुधा बी कटोरीची असते. तिचे खरे माप ३४ डी असेल तर ३६ बी पाठीत ढिली होणार आणि पुढे दाटणार, अगदी तिने लिहिले आहे तसे. छाती भरली की दुकानदार आकडा वाढवतो, पण वाढायला पाहिजे असते अक्षर. पाठीचा पट्टा ढिला पडला की सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो, त्या रुततात, मान आणि पाठ धरते. बाळंतपणानंतर कंबर-पाठ दुखते म्हणून आपण शेक घेतो, डिंकाचे लाडू खातो. कधी कधी त्या दुखण्याचे मूळ या पट्ट्यात असते.

नेमके माप साक्रीत किंवा पिंपळनेरला मिळाले नाही तर दोन मार्ग आहेत. एक, धुळ्याला तपासणीसाठी एसटीने जाणे होतेच, तेव्हा आग्रा रोड किंवा पाच कंदिलाच्या बाजारात पाहावे. दुसरा मार्ग घरचा. ३४ डी ची कटोरी आणि ३६ सी ची कटोरी जवळजवळ सारख्याच मोठ्या असतात, फरक फक्त पट्ट्यात असतो. तेव्हा ३६ सी घेऊन पाठीच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना थोडी थोडी चुणी घेऊन टीप मारून घ्या. शिंपीण पाच मिनिटांत करून देते. उलटे मात्र करू नका, कटोरी लहान घेऊन पट्टा मोठा, हे कधीच जमत नाही.

पाजण्यासाठी म्हणून जी खास मिळते, तिला नर्सिंग ब्रेसियर म्हणतात. तिच्या कटोरीला खांद्यापाशी एक छोटा हुक असतो, तो काढला की कटोरी खाली पडते आणि पट्टी खांद्यावरच राहते. ती घेताना एकाच हाताने तो हुक निघतो का आणि लागतो का हे दुकानातच पाहा, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. कटोरी पूर्ण खाली पडली पाहिजे. काहींमध्ये मध्येच एक लहान गोल भोक असते, त्याच्या कडा छातीला चेपतात; ती घेऊ नये. खास ब्रेसियर महाग वाटली तर पुढून हुक असलेली साधी सुती चालते. दोन्ही बाजू एकदम उघडतात आणि बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने गळते, तेवढीच गैरसोय. एक फडके जवळ ठेवले की झाले. ज्यांचे सिझेरियन झाले आहे त्यांना हात मागे नेणे जड जाते, त्यांना तर पुढचे हुकच बरे.

तार घातलेली घेऊ नका. तारेची कड नेमकी दुधाच्या भागावर दाबते. नायलॉनची, चकचकीत, फुगीर स्पंजाचीही नको. आपल्या धुळे जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. घाम आणि दूध एकत्र होऊन खालच्या घडीत कातडी सोलवटते. सुती, जरा जाड, पट्टा रुंद, पाठीमागे हुकांच्या तीन ओळी. नवव्या महिन्यात ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल ओळीवर नीट बसली पाहिजे. बाळंतपणानंतर बरगड्या आत येतात, तेव्हा आतल्या ओळी उपयोगी पडतात. आजच सर्वांत आतल्या ओळीवर लावावी लागत असेल तर ती तुमच्या मापाची नव्हे. आणि सैल ओळीवरही आवळत असेल तर हुकाची जादा पट्टी वेगळी मिळते, मॅचिंग सेंटरमध्ये विचारा, फार पैसे पडत नाहीत.

घालून दोन्ही हात वर करा. पट्टा वर चढला तर ढिला आहे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, चार नकोत. खाली वाका, जसे घागर उचलायला वाकतो तसे. काखेकडून छाती बाहेर येता कामा नये. अर्धा तास अंगात ठेवून काढल्यावर लाल वळ उठले असतील तर परत करा.

परत करण्याचीच आपल्याला लाज वाटते. लहान दुकानात घालून पाहायला जागा नसते, म्हणून घेतानाच बोलून ठेवावे की, घरी पाहते, मापात नसेल तर दोन दिवसांत बदलून देणार का? चिठ्ठी काढू नका, धुऊ नका, अंगातल्या पातळ कपड्यावरून घालून पाहा. बदलून देणार नसेल तर दुसरे दुकान पाहा. कित्येक कटलरीच्या दुकानांत आता बायकाच गल्ल्यावर बसतात, त्यांच्याशी बोलायला संकोच नको. आणि बंधूंनो, तुम्ही आणायला जाणार असाल तर बायकोने लिहून दिलेला कागद खिशात ठेवा. हाताने आकार दाखवून किंवा ‘मध्यम द्या’ म्हणून ही वस्तू मिळत नसते. आपल्या बायकोचे माप विचारताना पुरुषाने मान खाली घालावी असे त्यात काही नाही.

या लाजेवरून एक आठवण द्यावीशी वाटते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या बिलावर चर्चा चालली होती, तेव्हा बाबासाहेब त्या बिलाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ साली झाला. पुढे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. ज्या विषयावर कौन्सिलात बोलता येते त्यावर आपल्या स्वयंपाकघरात बोलायला हरकत नसावी. खंत एवढीच की दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या बाईला ही सुट्टी कोणी देत नाही. ती बांधावर झोळी बांधते आणि मुकादमाची नजर चुकवून पाजते. तिला तर एका हाताने उघडणारी, झटकन लागणारी ब्रेसियर सगळ्यांत जास्त हवी.

पैशाचे म्हणाल तर आधी दोनच घ्या. एक अंगात, एक दोरीवर. पावसाळ्यात बाळंतपण येत असेल तर तीन. सहा घेऊन ठेवू नका, माप पुन्हा बदलणार आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, त्यातला ३,००० चा पहिला हप्ता गरोदरपणात नोंदणी आणि तपासणी झाल्यावर येतो. अनुसूचित जातीच्या भगिनी त्यात बसतात; कागदपत्रांचे आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारा. ते पैसे आईच्या नावाने, आईसाठी येतात. त्यातून दूध, भाजी, फळ आणि या दोन वस्तू आल्या तर तो सर्वांत योग्य खर्च झाला असे मी समजते. घरात कुणी त्या पैशातून मोबाईलचे नाव काढले तर त्यांना हे पान वाचायला द्या.

दूध गळते त्यासाठी विकतचे पॅड लागत नाहीत. जुन्या धुवट सुती लुगड्याचे किंवा धोतराचे तळहाताएवढे गोल कापा, चार पदर एकावर एक शिवून घ्या. असे दहा-बारा करून ठेवा. प्लॅस्टिक लावलेले नकोत, ओल आत राहते. भिजले की लगेच बदला. शेवटच्या महिन्यात थोडा पिवळसर चीक येऊ लागतो, तेव्हापासून ते कामाला येतात. चीक पिळून टाकायचा नाही, बाळाला पहिल्या तासातच तो पाजायचा, हे या पानात पूर्वीही आले आहे.

आणि धुतलेली ब्रेसियर उन्हात वाळवा. हे मी मुद्दाम वेगळे लिहिते आहे. आपल्याकडे ती साडीखाली झाकून, मोरीच्या दांडीवर, खाटेखाली वाळत घालतात, कारण सासरा-दीर पाहतील. अंधारात अर्धवट वाळलेल्या ओल्या कपड्यात बुरशी वाढते. बोंडाला खाज आणि आग होते, तीच बुरशी बाळाच्या तोंडात जाऊन पांढरे डाग पडतात, बाळ पिता पिता रडते. बनियन अंगणात दोरीवर राजरोस वाळते, मग आईचा कपडा का नाही? फारच संकोच असेल तर गच्चीवर वाळवा, मागच्या दारी वाळवा, पण ऊन लागू द्या.

रात्री झोपताना काढून ठेवावी. दूध फार गळत असेल तर पॅड धरण्यापुरती एखादी जुनी, सैल चालेल.

एवढे करूनही गाठ आलीच तर घाबरू नका. पाजणे थांबवू नका. ब्रेसियर सैल करा किंवा काढा. जुन्या बायका गाठ जोराने चोळून ‘फोडतात’, तसे करू देऊ नका. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते. थंड पाण्याची घडी ठेवल्याने आराम पडतो, हात लावलाच तर अगदी हलका. ताप आला, छाती लाल आणि गरम झाली, किंवा एका दिवसात उतार पडला नाही तर ग्रामीण रुग्णालय गाठा. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिसऱ्या दिवशीच्या भेटीत तिला पदर बाजूला करून दाखवा, पट्टा रुतलेला ती लगेच ओळखते.

बेचाळिसाव्या दिवसापर्यंत दूध बाळाच्या गरजेप्रमाणे स्थिरावलेले असते आणि सुरुवातीची सूज गेलेली असते. त्या भेटीच्या दिवशी पुन्हा टेप काढा आणि दोन्ही मापे नव्याने घ्या. पुढची ब्रेसियर त्या आकड्याने आणायची. आधीच्या दोन ढिल्या झाल्या असतील तर पट्ट्यात टीप मारून त्या घरच्या कामाला चालतात. साक्रीच्या भगिनीने ती ३६ ची टाकू नये. कटोरी दाटते म्हणून तिला आत्ता उपयोगाची नाही, पण बाळाचे दूध सुटेल तेव्हा पट्ट्यात चुणी घेतली की तीच बसण्याचा संभव आहे. आत्तासाठी ३४ डी, नाहीतर ३६ सी.